घर हिरवे, पोरगा दुसऱ्या रंगात: काय करावे?

तळ्याकाठची (धागा काढणारी)

नमस्कार. इथे बरीच वर्षे वाचते आहे. लिहायला आज पहिल्यांदा बसले, तेही घरातले सगळे झोपल्यावर.

माझा मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत आहे. आम्ही डिचोली तालुक्यातले. बाबू फुटबॉल खेळतो, डाव्या पायाचा आहे, मैदानाच्या डाव्या बगलेतून पळतो. गेल्या महिन्यात एका मोठ्या क्लबच्या निवासी अकादमीची निवड चाचणी होती. शाळेच्या पीटी सरांनी नाव दिले होते, आम्हाला वाटले जाऊन येईल. तीन फेऱ्या झाल्या आणि तिसऱ्या यादीत त्याचे नाव आले. राहणे, जेवण, जवळच्या शाळेत प्रवेश, सगळे क्लब बघणार. दहा दिवसांत कळवायचे आहे, त्यातले तीन गेले.

अडचण अशी की आमचे घर साळगावकर क्लबचे, हिरव्या जर्सीचे. सासरे खाणीवर सुपरवायझर होते. रविवारी पहाटेची कदंब (सरकारी बस) पकडून पणजी, तिथून मडगाव, तिथून पिलोतच्या (भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या) मागे बसून फातोर्ड्याचे स्टेडियम, असे त्यांनी वर्षानुवर्षे केले आहे. १९९९ साली साळगावकरने राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा त्यांनी वाड्यावर पेढे वाटले होते, माझ्या लग्नात सुद्धा ती गोष्ट सांगितली गेली. नवरा त्यांच्याच तालमीत वाढला. आणि ज्या क्लबने मुलाला बोलावले आहे तो नेमका तो, ज्याच्याकडून हरले की आमच्याकडे रात्री कोणी नीट जेवत नसे.

सासरे एकच वाक्य बोलले. "आमी पाचवे. पाचवेच रावतले." (आम्ही हिरवे, हिरवेच राहणार.) त्यानंतर विषय बंद. नवरा म्हणतो, बाबांच्या हयातीत त्या क्लबची जर्सी आपल्या दोरीवर वाळणार नाही. मुलगा काही बोलत नाही. रोज संध्याकाळी मागच्या भिंतीवर चेंडू मारत असतो आणि तो आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येतो.

क्लबचे नाव लिहीत नाही, मुलगा लहान आहे. पण मी वेडी आहे का, की यात निष्ठेचा प्रश्न मला दिसतच नाही?

म्हापशेकर_जुना

निळा (देम्पो) की तांबडा (चर्चिल) तेवढे सांगा, बाकी आम्ही ओळखतो.

तळ्याकाठची

नाही सांगणार :)

पूर्वेचा_स्टँड

ताई, तुम्ही वेड्या नाही. पण तुमच्या सासऱ्यांनाही वेडे म्हणू नका. बाहेरच्यांना हे कळत नाही म्हणून थोडे लिहितो.

आमच्या पिढीला गोवा म्हणजे फातोर्डा. १९८९ ला ते स्टेडियम झाले, पुढच्याच मोसमात तिथे गोव्याने संतोष ट्रॉफी जिंकली. मी तेव्हा अकरावीत होतो. त्याआधी ८०च्या दशकात ब्रह्मानंद शंखवाळकर गोलात उभे असत, साळगावकरचे आणि भारताचे. ताळगावचा माणूस भारताचा कर्णधार! आमच्यासारख्या मराठी शाळेत शिकलेल्या, हिंदू वाड्यांवरच्या पोरांना वाटायचे, फुटबॉल फक्त सासष्टीतल्या ख्रिस्ती लोकांचा खेळ नाही, आपलाही आहे. सासऱ्यांच्या "आमी पाचवे"मध्ये हे सगळे आहे. २०२२ ला ब्रह्मानंदना पद्मश्री मिळाली तेव्हा मी एकटाच घरात उभा राहून टाळ्या वाजवल्या.

आणि स्पर्धा केवढी होती. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात वर्षे देशाची लीग गोव्यात आली: देम्पो, देम्पो, चर्चिल, देम्पो, साळगावकर, देम्पो, चर्चिल. एवढ्याशा राज्यात. शेजारी शेजाऱ्याशी आठवडाभर बोलत नसे. ते प्रेम होते हो.

तरी माझे मत: पोराला पाठवा.

कीर_डोंगरी

पूर्वेचा_स्टँड, डोळ्यांत पाणी आणलेत. ती यादी मी अजून पाढ्यासारखी म्हणतो.

दादरचा_नील

मुंबईकर आहे, आजोळ फोंड्याचे. आमच्याकडे क्रिकेटमध्ये हेच झाले नाही का? अर्जुन तेंडुलकर. बापाने १९८८ साली पंधराव्या वर्षी मुंबईकडून रणजी पदार्पणात शतक केले. मुलाला मुंबईत संधी मिळेना, तर २०२२ ला गोव्याकडे आला आणि पर्वरीला राजस्थानविरुद्ध पदार्पणातच १२० केल्या. मुंबई क्रिकेट म्हणजे तेंडुलकर, असे मानणाऱ्या घराने पोराला जाऊ दिले. साळगावकर आणि तो दुसरा क्लब यांच्यातले अंतर त्यापेक्षा जास्त आहे का?

पर्वरीची_वाट

दादरचा_नील, हे उदाहरण आमच्यासमोर देऊ नका. माझा भाचा त्या वेळी गोव्याच्या संघाच्या उंबरठ्यावर होता. बाहेरून एक येतो तेव्हा इथला एक बाहेर बसतो. त्या मुलाची काही चूक नाही, चांगला खेळला, पण आमच्या घरातला तो डिसेंबर मला आठवतो. २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालनेही मुंबई सोडून गोव्याकडे यायचा अर्ज केला आणि महिन्याभरात मागे घेतला. मोठ्या खेळाडूंना अशी दारे उघडी असतात. तेरा वर्षांच्या मुलाला एकदा नाही म्हटले की ते दार परत उघडेलच असे नाही.

म्हणजे सल्ला तोच. पाठवा.

दादरचा_नील

मान्य. भाच्याचे माहीत नव्हते, वाईट वाटले. आता खेळतो का तो?

पर्वरीची_वाट

क्लब क्रिकेट खेळतो आणि बँकेत आहे. ठीक आहे.

शिट्टीवाला

मी मुलांना शिकवतो, चौदा वर्षे झाली. निष्ठेचे नंतर बोलू. आधी एक विचारतो: मुलाचा जन्म कोणत्या महिन्यातला?

तळ्याकाठची

नोव्हेंबर २०११. का हो?

शिट्टीवाला

मग ऐका. वयोगटाची रेघ १ जानेवारीला पडते. म्हणजे तुमचा मुलगा त्या मैदानावर जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांबरोबर धावला, जे त्याच्याहून नऊ-दहा महिन्यांनी मोठे. तेराव्या वर्षी दहा महिने म्हणजे चार बोटे उंची आणि दणकट मांड्या. निवड करणारे, आम्ही सगळेच, नकळत मोठ्या दिसणाऱ्या मुलाकडे बघतो. जगभरच्या युवा संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले जास्त सापडतात ती यामुळेच. असे असून नोव्हेंबरचा मुलगा तिसऱ्या यादीत आला, म्हणजे कोणीतरी त्याचे पाय बघितले, उंची नाही. असा डोळा असलेला प्रशिक्षक मिळणे हीच मोठी गोष्ट आहे. जर्सीचा रंग मला यात दिसत नाही.

दुसरे. तेरा ते सोळा या वयात मुलाला आठवड्याला चार-पाच दिवस ठरवून दिलेला सराव, आपल्या तोडीची किंवा सरस मुले समोर आणि सपाट मैदान लागते. गावातल्या लाल मातीच्या मैदानावर चेंडू उसळतो, तिथे पाय घट्ट होतात हे खरे, पण पहिल्या स्पर्शात चेंडू मेलेला हवा ही सवय सपाट मैदानावरच लागते. डाव्या पायाचा खेळाडू तर आम्ही सगळेच शोधत असतो.

जायच्या आधी एवढे बघा: रात्री मुलांबरोबर कोण राहते, दुखापत झाली तर फिजिओ आहे का, शाळेतली हजेरी कोण बघते, एका वयोगटात किती मुले आहेत आणि सामन्यात प्रत्येकाला किती मिनिटे मिळतात. देशाचा फुटबॉल महासंघ अकादम्यांना तारांकित मानांकन देतो, तेही विचारा. लाजू नका. चांगली माणसे अशा प्रश्नांवर रागावत नाहीत.

साखरभात

जेवणात मासे मिळतात का हेपण विचारा. गंभीरपणे सांगते आहे. माझ्या भावाने बाहेरच्या राज्यातली अकादमी तीन आठवड्यांत सोडली. फुटबॉल जमत होता, जेवण जमत नव्हते.

म्हापशेकर_जुना

सोमवारी आणि गुरुवारी शिवराक (शाकाहारी), बाकी दिवस हुमण (माशांची आमटी). करारात घालून घ्या.

पेडण्याचा_बाळा

हा धागा कालपासून तीनदा उघडला आणि बंद केला. लिहितोच.

मी साठीला आलेला. १९८०च्या दशकात आमच्या गावच्या संघात मधल्या फळीत खेळायचो. शेजारच्या गावचा संघ आमच्यापेक्षा मजबूत होता, त्यांच्याकडे नोकरीवर असलेला एक प्रशिक्षक होता आणि पणजीतल्या मोठ्या क्लबांशी ओळख होती. त्यांनी मला मागितले. एक मोसम आमच्याकडे खेळ, पुढे आम्ही तुला पणजीला नेतो. माझे वडील आमच्या गावच्या संघाचे खजिनदार. दोन गावांत आधीच्या वर्षी अंतिम सामन्यात हाणामारी झालेली, वडिलांच्या कपाळाला त्यात तीन टाके. ते म्हणाले, त्या गावच्या पाण्याचा थेंब पिणार नाहीस.

मी नाही प्यालो. आमच्या गावाकडून आणखी सहा वर्षे खेळलो, दोनदा चषक जिंकलो, ते चषक देवळाशेजारच्या मंडळाच्या कपाटात अजून आहेत. माझ्याऐवजी त्यांनी दुसरा एक मुलगा नेला, तो पुढे पहिल्या डिव्हिजनला खेळला. माझ्यापेक्षा चांगला होता की नाही हे मला माहीत नाही. हेच माहीत नसणे चाळीस वर्षे बरोबर आहे.

वडील गेले त्याच्या आदल्या पावसाळ्यात ओसरीवर बसलो होतो. ते अचानक म्हणाले, "तुका वचूंक दिवपाक जाय आशिल्लो." (तुला जाऊ द्यायला हवे होते.) एवढेच. मी म्हटले, जाऊ दे बाबा. ते परत काही बोलले नाहीत.

तुमच्या सासऱ्यांना हे वाचून दाखवायचे असेल तर दाखवा. माझी हरकत नाही.

आबोली

बाळादादा, काय लिहू.

मी फक्त एक नोंद करते. माझ्यासाठी असे कोणी भांडलेच नाही. मी शाळेत मुलांच्या संघात खेळायचे, उजवी बगल. आठवीत गेल्यावर आई म्हणाली पुरे. कोणता क्लब, कोणता रंग, हा प्रश्न यायच्या आधीच संपला. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचे सामने फातोर्ड्याला झाले तेव्हा मी लेकीला घेऊन गेले होते. ती आता नऊ वर्षांची आहे आणि तिला जो क्लब घेईल तो आमचा क्लब, हे मी आणि नवऱ्याने आधीच ठरवून टाकले आहे.

शिट्टीवाला

आबोली, कुठे राहता? बार्देशात असाल तर संदेश करा. माझ्याकडे सहा मुली येतात, सातवी हवीच आहे.

आबोली

केला!

रेतीतले_पाय

सगळे पाठवा पाठवा म्हणत आहेत म्हणून दुसरी बाजू लिहितो. माझा मुलगा चौदाव्या वर्षी एका निवासी अकादमीत गेला, नाव लिहीत नाही. पहिले वर्ष स्वर्ग. दुसऱ्या वर्षी गुडघा. तिसऱ्या वर्षी त्याला सांगितले की पुढच्या वयोगटात जागा नाही. सामान घेऊन तो परत आला तेव्हा दहावीचे अर्धे वर्ष उलटले होते आणि गणितात तो दोन वर्षे मागे होता. चूक आमची जास्त. आम्ही गुणपत्रिका मागितल्या नाहीत, गोल मोजत बसलो. त्याच्या वर्गातली मुले पुढे गेली आणि तो सहा महिने घराबाहेर पडला नाही.

आता आयटीआय करून चांगल्या नोकरीत आहे, संध्याकाळी वाड्यावरच्या मुलांना शिकवतो. पण ते सहा महिने मी विसरणार नाही.

निष्ठा वगैरे सोडा ताई. मुलाला परत यायचे झाले तर कोणत्या दाराने येईल ते आधी ठरवा. गोवा बोर्ड खेळाडूंना क्रीडागुण देते, त्याची प्रमाणपत्रे वेळच्या वेळी जमवा, आणि दर तिमाहीला स्वतः शाळेत जाऊन शिक्षकांना भेटा. फोनवर नको, समोर जाऊन.

तळ्याकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. रेतीतले_पाय, तुमचे वहीत लिहून घेतले. शिट्टीवाला सरांचे प्रश्नही.

आता एक गोष्ट सांगते, जी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला धीर झाला नाही. साळगावकरचे प्रकरण खरे आहे, पण नवऱ्याचे कारण फक्त तेवढेच नाही. तो आमच्या गावच्या क्लबचा सचिव आहे. क्लबकडे चौदा वर्षांखालचा संघ यंदा पहिल्यांदा पूर्ण झाला आहे. तालुक्याच्या स्पर्धेत उतरायचे, जर्सी शिवून झाल्या, बाबूची ११ नंबरची. तो गेला तर संघ मोडेल असे नाही, पण समितीत लोक म्हणतील, सचिवाने स्वतःचा पोरगा पाठवला आणि आमच्या पोरांना इथे ठेवले. एकाने म्हटलेही. परवा रात्री नवरा मला म्हणाला, "बाबांचे नाव पुढे करतो, कारण ते सोपे आहे." हे ऐकल्यापासून मला त्याच्यावर रागावताही येत नाही.

कीर_डोंगरी

ओह. आता खरी गाठ दिसली.

पूर्वेचा_स्टँड

मोठ्या क्लबावरची निष्ठा टीव्हीसमोर बसून पाळता येते. गावच्या क्लबावरची निष्ठा म्हणजे चुना मारणे, गोलपोस्टला जाळी बांधणे, पंचाला चहा देणे, घराघरांतून वर्गणी. तुमच्या नवऱ्याबद्दल मला आदर वाटला.

कलम_एकोणीस

नियमांत मी थोडा रमतो. सचिवसाहेबांना उपयोग होईल असे लिहितो.

एक, खेळाडूची नोंद महासंघाच्या मध्यवर्ती नोंदणी प्रणालीत एका वेळी एकाच क्लबकडे असते. गावच्या क्लबने मुलाची नोंद केली असेल तर बदली रीतसर करून घ्या. अकादमी म्हणाली "बघू नंतर", तरी मागे लागा.

दोन, अठरा वर्षांखालच्या खेळाडूशी व्यावसायिक करार तीन वर्षांपेक्षा जास्त काळाचा करता येत नाही, हा फिफाचा नियम आहे. आत्ता तुमच्यासमोर येईल तो प्रवेशाचा कागद असेल. तरी कोणी "दहा वर्षे आमच्याकडेच" असे काही पुढे केले तर सही करू नका.

तीन, आणि हे समितीत वाचून दाखवा. खेळाडूच्या बाराव्या वाढदिवसाच्या मोसमापासून तो कोणत्या क्लबात घडला याची नोंद त्याच्या खेळाडू-पासपोर्टमध्ये राहते. पुढे तो कराराच्या मुदतीत पैसे देऊन परदेशी क्लबाकडे गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला बारा ते तेवीस वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे असतात. बारा ते पंधरा या वर्षांसाठी प्रत्येक मोसमाला एकूण रकमेच्या पाव टक्का. म्हणजे एक कोटीची बदली झाली तर गावच्या क्लबाला एका मोसमाचे २५ हजार. होईलच असे मुळीच नाही, शंभरात एखाद्याचेही होत नाही. पण "आमचा पोरगा गेला आणि आमचे काही राहिले नाही" हे खरे नाही. कागदावर गावाचे नाव राहते. मात्र मुलाची नोंद क्लबने वेळेत केलेली हवी, आणि गावोगावचे क्लब नेमके तेच करत नाहीत.

म्हापशेकर_जुना

२५ हजारांत आमच्या मैदानाला चांगली जाळी येईल दोन्ही बाजूंना. मी समितीत असतो तर आजच ठराव मांडला असता.

सासष्टीतला_मराठी

थोडे अवांतर. आमच्याकडे हा प्रश्न पोर्तुगालच्या पासपोर्टवर येतो. आजोबा-पणजोबांमुळे हक्क मिळतो, पोराला युरोपात नेऊ म्हणतात. पण भारताचा पासपोर्ट सोडला की भारताकडून खेळता येत नाही. माझ्या मित्राच्या घरी बाप भारत म्हणतो, आई लिस्बन म्हणते, मुलगा सतरा वर्षांचा आहे आणि त्याला दोन्हीकडे कोणी अजून बोलावलेले नाही.

कीर_डोंगरी

खरे आहे. बरे, मूळ प्रश्नाकडे येऊ. मंदार राव देसाई आठवा. म्हापशाचा मुलगा, देम्पोत वाढला, एफसी गोवाचा कर्णधार झाला, २०२० ला मुंबई सिटीकडे गेला. आणि त्याच मोसमात मुंबईने उपांत्य फेरीत एफसी गोवालाच पेनल्टीवर हरवले. मी त्या रात्री टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी दुकानात सगळे म्हणत होते, मंदार चॅम्पियन होणार बघ. आमचा संघ हरला होता आणि आम्ही आमच्याच मुलासाठी आनंदी होतो.

साखळीबाजार

मी एवढा वेळ एक हिशेब करत होतो. ताई, मुलगा नोव्हेंबर २०११ चा म्हणालात.

साळगावकरने आय-लीग (तेव्हाची देशाची लीग) जिंकली ती २०१०-११ ची. फेडरेशन कप सप्टेंबर २०११ मध्ये. म्हणजे मुलगा पोटात होता. ड्युरँड कप २०१४ ला, फातोर्ड्यालाच, तेव्हा तो तीनचा होत होता. आणि २०१६ मध्ये साळगावकर, देम्पो, स्पोर्टिंग तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले, तेव्हा साडेचारचा. देम्पो परत आय-लीगमध्ये आले ते २०२४-२५ ला.

याचा अर्थ, ज्या संघासाठी घर अडून बसले आहे तो संघ देशाच्या लीगमध्ये खेळताना या मुलाला आठवणारच नाही. आजोबांची निष्ठा आजोबांनी पहाटेच्या कदंबात बसून, पावसात भिजून स्वतः कमावली. ती खरी आहे. मुलाला मात्र ती बघायलाच मिळाली नाही. त्याने कुठे कमवायची? त्याला पण कुठेतरी भिजू द्या.

मी स्वतः कट्टर हिरवा आहे. हे लिहिताना मला त्रास झाला.

पूर्वेचा_स्टँड

साखळीबाजार, मी हा हिशेब कधी केलाच नव्हता. माझ्या मुलीने फातोर्ड्याला फक्त भगवी जर्सी पाहिली आहे, एफसी गोवाची. ती मला विचारते, बाबा तुम्ही हिरवे का घालता?

आणि आपल्यालाही आठवायला हवे. आपल्याला २०११ ला लीग जिंकून देणारे करीम बेंचरिफा आधी चर्चिलचे प्रशिक्षक होते. आपण त्यांना विचारले का, कालपर्यंत तांबडे होता म्हणून? खांद्यावर घेतले. लिस्टन कुलासो साळगावकरमधून सुरू झाला, एफसी गोवा, हैदराबाद करत २०२१ ला मोहन बागानला गेला. तो गोल मारतो तेव्हा आपण "आमचा लिस्टन" म्हणतोच ना.

रानातला_गवा

माझे मत वेगळे. सगळेच मोठ्या अकादमीत गेले तर गावचा क्लब कोण चालवणार? डिचोली, सत्तरीत आधीच चांगली मैदाने किती आहेत? ताईंच्या नवऱ्याने पहिल्यांदा संघ उभा केला आणि पहिल्याच वर्षी त्यातला चांगला मुलगा उचलून नेला, हे दरवर्षी होणार. मुलाला पाठवू नका असे म्हणत नाही. पण अकादमीने गावाला बदल्यात काही द्यावे. महिन्यातून एकदा प्रशिक्षक पाठवावा, चेंडू द्यावेत.

शिट्टीवाला

गवाभाऊ, हे मागा. खरेच मागा. मागितले तर बऱ्याचदा मिळते. आमच्याकडून एक मुलगा गेला तेव्हा आम्ही एक मैत्रीपूर्ण सामना मागितला होता. त्यांचा पंधरा वर्षांखालचा संघ आमच्या मैदानावर आला. आम्ही आठ गोलांनी हरलो आणि आमची मुले आठवडाभर त्यावरच बोलत होती. पुढच्या वर्षी सरावाला दुप्पट मुले.

तळ्याकाठची

चार दिवसांनी लिहिते आहे. वेळ कमी आहे, थोडक्यात.

बाळादादांचे लिखाण मी सासऱ्यांना वाचून दाखवले. चष्मा नव्हता म्हणून मीच मोठ्याने वाचले. "वचूंक दिवपाक जाय आशिल्लो" इथे आल्यावर ते उठून पोरसात गेले, माडाच्या बुंध्याला पाणी घालत बसले. त्या दिवशी काही बोलले नाहीत.

नवऱ्याने समितीची बैठक बोलावली. कलम_एकोणीस यांचे मुद्दे कागदावर उतरवून नेले. आधी नोंदणीच पाहिली, तर चौदापैकी पाचच मुलांची झालेली! ती आता सगळ्यांची करत आहेत. बाबूबद्दल ज्याने टोमणा मारला होता, त्याचाच मुलगा गोलकीपर आहे. नवरा त्याला म्हणाला, मैत्रीपूर्ण सामना मागतो, त्यांचे प्रशिक्षक तुझा मुलगाही बघतील. तो म्हणाला, मग जाळी नवी लावू. ठराव झाला. तालुक्याच्या स्पर्धेचे पहिले दोन सामने बाबू गावाकडूनच खेळणार, अकादमीने तेवढी मुभा दिली. आम्ही विचारले म्हणून दिली.

काल अकादमी बघायला गेलो. मी, नवरा, बाबू. सकाळी निघताना बघते तर सासरे इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत पुढच्या सीटवर बसलेले. हिरवा शर्ट. तिथे कोणाशी बोलले नाहीत. मुलांचा सराव चालू होता, ते कुंपणाशी तासभर उभे राहिले. मी प्रशिक्षकांना सगळे प्रश्न विचारले: रात्रीचे, फिजिओचे, शाळेचे. त्यांनी उत्तरे दिली, शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटायची वेळही ठरवून दिली. साखरभातताई, जेवणाचेही विचारले: बुधवारी आणि रविवारी मासे, शुक्रवारी चिकन.

परत येताना फोंड्याला चहाला थांबलो तेव्हा सासरे बाबूला म्हणाले, "तो सात नंबरवालो उजव्यान कापता, तूं भितर घे." त्या तासाभरात त्यांनी पाहिलेला एकच खेळाडू त्यांना आठवत होता आणि तो बाबूच्या विरुद्ध बाजूला खेळतो.

सही आज सकाळी झाली. जर्सी सुट्टीत घरी आली तर मागच्या दोरीवर, पोरसाच्या बाजूला वाळत घालायची, असे ठरले आहे. पुढच्या दोरीवर नाही. मी हो म्हटले.

पेडण्याचा_बाळा

मागची दोरी चालेल.

साखळीबाजार

तालुक्याच्या त्या दोन सामन्यांच्या तारखा कळवा. मैदान कोणते? मी आणि आणखी चौघे येतो.

शिट्टीवाला

ताई, बाबूला बूट कितीचा लागतो? माझ्याकडे पाच नंबरचे, डाव्या पायाच्याच मुलाने एक मोसम वापरलेले आहेत, सपाट मैदानाचे. डाव्याचा पुढचा टाका जरा सुटला आहे, म्हापशात शिवून देतो.

तळ्याकाठची

पाचच लागतो!